बूच

सतरा जूनला किल्ली मिळाली.
कुलूप नव्हतं.

अडीच वर्षं तारखांवर गेली,
मग बेलीफ, दोन पंच आणि मी
खासबागेतल्या माझ्याच दोन खोल्यांत
चपला बाहेर काढून शिरलो.
का काढल्या, ठाऊक नाही.

पंखा नाही. पंख्याचा हूक आहे.
मोरीतला नळ नाही; पाइपाच्या तोंडात
साडीची चिंधी कोंबलेली, तीही ठिबकते.
बटणांच्या जागी चौकोनी भोकं,
भिंतीतून वायर उपसून नेलेली
माशाचा काटा काढावा तशी, अखंड, सावकाश.
कडप्प्याचा ओटा मात्र फोडलाय.
तो नेता येत नव्हता म्हणून.

बेलीफ कानडीत लिहितो, मी मराठीत सांगतो,
मध्ये पंच म्हणून आलेला किराणावाला मल्लेशी
दोन्हींत मान हलवतो.
नळाचं त्यानं नल्ली लिहिलं.
पितळेचा होता, तेवढं तरी लिहा म्हटलं.
लिहिलं की नाही, मला वाचता आलं नाही.
सही केली.

ठाण्यात साहेबांनी चहा मागवला तेव्हाच कळलं
काही होणार नाही.
'बिल इदे एन री?'
बिल कुठलं. तो नळ मी
डेपोच्या भंगाराच्या लिलावातून आणलेला,
चौतीस वर्षं बसगाड्यांखाली आडवा पडून
जे हाताला लागलं त्यातला.
'सिव्हिल मॅटर रीऽ, बस्तवाडकर.'
वकील अंगडीबाई म्हणाल्या, डिपॉझिट तर
थकलेल्या भाड्यातच गेलं. नुकसानीचा दावा लावू.
फोटो काढा, वायरमनचं कोटेशन आणा,
आणि पत्ता. समन्स हवेत जात नाही.

पत्ता कुणालाच नव्हता.
पण माळ्यावर, रद्दीच्या मागं, कॅरीबॅगेत
पोरीचं दहावीचं मार्क्सकार्ड सापडलं.
ऋतिका परशराम कुद्रेमनीकर.
सहाशे पंचवीसपैकी पाचशे एक्केचाळीस.
गणितात सत्याण्णव.
माझ्याच ओट्याला टेकून केलेलं गणित.

मल्लेशी म्हणाला, 'सोडू नकोस.
ॲडमिशनला लागतंयच की. झक मारत येतील.
आले की पत्ता.'

जुलैच्या दुसऱ्या सोमवारी आली. एकटी.
सायकल गल्लीच्या तोंडाशीच लावून.
'काका, माझं कार्ड ऱ्हायलंय न्हवं?'
'बाप कुठं ऱ्हातोय?'
ती बोलली नाही. मोरीकडं बघत होती,
पाइपात मी ठोकलेलं लाकडी बूच,
खाली बादली, काठोकाठ.
'कॉलेजात ओरिजनल मागूलालेत.'
'मलापण कोर्टात ओरिजनलच मागूलालेत,' मी म्हणालो,
आणि एवढं शहाणं बोलल्याचा
मला त्या क्षणी आनंद झाला,
हे लिहून ठेवतो.

कोपऱ्यावर जाऊन तिला झेरॉक्स काढून दिली,
दोन रुपये माझ्याच खिशातले.
तिनं कागद दुमडला नाही. वहीत आडवा ठेवला.
जाताना बादली उचलली,
मोरीत ओतली,
परत बुचाखाली सरकवली, बरोबर जागेवर,
न बघता.

कार्ड आता ट्रंकेत, दाव्याच्या फाइलीवर.
अंगडीबाई विचारतात, पत्ता मिळाला?
मल्लेशी विचारतो, आला का रे?
प्रवेशाची शेवटची तारीख पेपरात आलीय,
शनिवार.
आज गुरुवार.

रात्री भिंतीपलीकडून ठिबकणं ऐकू येतं.
सुतार म्हणालेला, लाकूड आहे,
फुगेपर्यंत गळणार, फुगलं की थांबेल.
नाही थांबलं.

उद्या कार्ड घेऊन निघायचं म्हणतोय.
बायकोला सांगितलेलं नाही, वकीलबाईंना तर नाहीच.
फाइलीत एक झेरॉक्स ठेवीन.
निघायचं ठरवलं आणि मग ध्यानात आलं,
बापाचा पत्ता तीनदा विचारला,
तुझं कॉलेज कुठलं गं,
हे एकदाही नाही.